दादांच्या एफसीचे सहा वाटे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा आमच्या गावाकडच्या शेडमध्ये छातीइतकं पाणी होतं. म्हशी आधीच उंचावर नेल्या होत्या, धान्याची पोती माळ्यावर चढवली होती. कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या दादांच्या गाडीचा विचार मात्र कोणाच्या मनात आला नाही. पाणी ओसरल्यावर शेड धुवायला गेलो, तर तिच्या हौद्यात वीतभर गाळ साचलेला आणि इंजिनावर मातीचा लेप बसलेला. चार दिवसांनी भंगारवाला आला. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यानं वजनाचा अंदाज बांधला आणि आकडा सांगितला, बेचाळीस हजार.

पुरानं घरादाराचं नुकसान झालं होतं, पैशाची नड होती. आम्ही दोघे भाऊ 'हो' म्हणण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात चाचांनी विचारलं, "गाडी कुणाची आहे?"

"आपलीच की, चाचा."

"आपली म्हणजे कुणाची? तुमच्या दादांची. त्यांना जाऊन पंचवीस वर्षं झाली. हिची वाटणी कधी झाली?"

आम्ही गप्प. रानाची आणि घराची वाटणी रीतसर झाली होती, पण गाडी तशीच राहिली होती. बंद पडलेली गाडी ही मिळकत आहे, हेच कोणाला वाटलं नव्हतं. आज तिला किंमत आली, तेव्हा ती आपोआप आमची झाली होती! चाचांनी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

आधी हिशेब, मग पाना

दादा म्हणजे आमचे आजोबा. दादी त्यांच्या आधीच गेल्या होत्या. मागे दोन मुलगे, आमचे अब्बा आणि चाचा, आणि दोन मुली, आमच्या दोघी फुफी. मुलाला दोन आणि मुलीला एक, असे सहा वाटे. बेचाळीस हजारांचे सहा वाटे केले तर एक वाटा सात हजारांचा. अब्बा मरहूम झाल्यामुळे त्यांचा हिस्सा अम्मी, आम्ही भाऊ आणि आमची बहीण यांच्याकडे आलेला.

गाडी ठेवायची आणि दुरुस्त करायची, हे ठरल्यावर आम्ही म्हणालो, "फुफी काही मागणार नाहीत. त्यांना विचारून घेऊ." चाचा चिडले. "विचारून नाही. आधी पैसे हातात ठेवायचे. मग त्यांनी माफ करावं, नाहीतर ठेवून घ्यावं. बहिणीला 'तुला नकोच ना?' असं विचारलं तर ती काय सांगणार? भावाचं घर तुटू नये म्हणून ती 'नको'च म्हणणार."

आम्ही सात-सात हजारांची दोन पाकिटं केली. थोरल्या फुफी मिरजेला असतात. त्यांनी पाकीट घेतलं, मोजलं, कपाटात ठेवलं आणि आम्हांला जेवायला बसवलं. तो त्यांचा हक्कच होता. पण परतताना आम्ही दोघंही जरा हिरमुसलो होतो, हे कबूल करायला हवं. त्या नको म्हणतील, असं आम्ही मनातल्या मनात धरूनच गेलो होतो. धाकट्या फुफी इचलकरंजीच्या. त्यांनी पैसे घेतले आणि महिन्याभरानं निरोप पाठवला, "टायर माझ्याकडून. बाबांच्या गाडीला जुने टायर लावू नका." आमच्या बहिणीनं तिच्या हिश्श्याचे पैसे घेतले आणि वर स्वतःची मुलगीच कामाला दिली. ती तेव्हा तंत्रनिकेतनात वीजशाखेला शिकत होती. चाचांनी आपला वाटा कामात घातला.

बिननाकाची गाडी

गाडी आहे महिंद्राची एफसी-१५०. आजच्या मुलांनी पाहिलीही नसेल. एफसी म्हणजे 'फॉरवर्ड कंट्रोल'. ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या वर बसतो, पुढं बॉनेट नाही, तोंड सपाट. अमेरिकेत विलीज कंपनीनं ही गाडी १९५६ च्या अखेरीस आणली. जीपच्याच ८१ इंची व्हीलबेसवर केबिन पुढं सरकवून मागं सहा फुटांहून लांब हौदा बसवायचा, अशी तिची युक्ती. पुढं महिंद्रानं ती भारतात बनवली. गल्लीबोळात वळायला सोपी, चारही चाकांना ताकद, त्यामुळे चिखलातून ऊस आणि गूळ काढायला बरी. दादा तिच्यातून शाहूपुरीच्या बाजारात गुळाच्या ढेपा नेत. गल्लीत लग्न असलं की बिर्याणीच्या देगा हिच्याच हौद्यात, आणि बाळंतीण दवाखान्यात न्यायची तरी हीच. दादांनी शेजाऱ्यांकडून कधी भाडं घेतल्याचं अम्मींना आठवत नाही.

महिंद्राचा विषय निघाला की चाचा एक गोष्ट हमखास सांगतात. ही कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा हे दोघे भाऊ, आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मुहम्मद. धंदा पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याच सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली. चाचा म्हणतात, "भागीदारी सुटली, पण पाट्या बदलून दोघं आपापल्या कामाला लागले. भांडत बसले असते तर जीप कुठून आली असती?"

चौथा सिलिंडर

गाडी टेम्पोत घालून कोल्हापुरात आमच्या घरामागच्या परड्यात आणली, तोवर २०२१ उजाडलं होतं. त्या जुलैत पुन्हा पूर आला. गाडी गावाकडं असती तर पुन्हा बुडाली असती. परड्यात चार लोखंडी खांब रोवून वर पत्रा टाकला, एक जुनं टेबल, एक व्हाइस आणि चाचांची हत्यारांची पेटी. झाला आमचा वर्कशॉप!

चाचांनी उभी हयात उद्यमनगरात फिटर म्हणून काढली. आता डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. ते खुर्चीवर बसायचे आणि आम्ही त्यांचे हात व्हायचो. पहिला महिना त्यांनी आम्हांला एक नटही खोलू दिला नाही. आधी प्रत्येक बाजूचे फोटो, मग प्लास्टिकचे डबे आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. "खोलायला एक दिवस लागतो," ते म्हणाले, "जोडायला वर्ष लागतं. वर्षानंतर हा नट कुठला, ते तुमच्या बापालाही आठवणार नाही."

या गाडीचं इंजिन म्हणजे जीपचं चार सिलिंडरचं पेट्रोल 'हरिकेन', सुमारे २,२०० सीसीचं. त्याची एक खोड आहे. पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात, तर धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. पुराचं पाणी आत गेलं आणि दोन वर्षं तिथंच मुरलं. खालचे दोन व्हॉल्व्ह गाईडमध्ये गंजून बसलेले. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑईल ओतलं, आठवडाभर थांबलो, रोज क्रँकच्या नटाला पाना लावून अंगठ्याएवढंच बळ द्यायचं, मागं-पुढं. जोर लावायचा मोह होई, पण जोर लावला की रिंग तुटते. नवव्या दिवशी क्रँक केसभर हलला. हेड उघडल्यावर दिसलं की तीन सिलिंडर बरे आहेत, पण चौथ्यात गंजानं खड्डे पाडलेत.

इथं उद्यमनगर कामाला आलं. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बोअरिंगवाला, क्रँक ग्राइंडिंगवाला, टर्नर, पॅटर्नवाला सगळे आहेत. म्हादबा मिस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावं तिथं आजही आदरानं घेतली जातात. शेतकऱ्याचं ऑईल इंजिन आणि उसाचा चरक यांची दुरुस्ती करता करता या शहराचा हात यंत्राला सरावला. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा घरीच बनवला, तो याच कोल्हापुरात. बाहेरून आणायला जमत नसेल तर बघून, मोजून इथंच करायचं, ही इथली जुनी सवय.

चारही सिलिंडर बोअर करून एक माप मोठे पिस्टन घातले. हेच इंजिन महिंद्राच्या जीपला वर्षानुवर्षं होतं, म्हणून पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट मिळायला त्रास झाला नाही. अडलं ते भलत्याच ठिकाणी. इंजिनातून रेडिएटरकडं पाणी नेणारा बिडाचा कोपरा गंजून चाळणी झाला होता. पॅटर्न करणाऱ्या एका बुजुर्ग कारागिरांनी तो बघून लाकडाचा नमुना कोरला. नमुना मूळ मापापेक्षा किंचित मोठा. आमच्या भाचीनं विचारलं, "चाचा, यांचं माप चुकलं का?" ते कारागीर हसले. बीड थंड होताना आकसतं, शंभर मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर. तेवढं आधीच धरून चालावं लागतं. एका फाउंड्रीत दुसऱ्याच कामाच्या ओतीत आमचाही साचा बसला आणि आठवड्यानं कोपरा हातात आला.

पहिला आवाज

वायरिंग पूर्ण भाचीनं केलं. उंदरांनी कुरतडलेली जुनी वायर फेकून तिनं कागदावर नवा नकाशा काढला आणि प्रत्येक फेऱ्याला फ्यूज घातला. मूळ गाडीत इतके फ्यूज नव्हते. चाचांनी थोडी कुरकुर केली, मग म्हणाले, "असू दे, आग लागण्यापेक्षा बरं." पॉइंटची फट वीस थाऊ, प्लगची तीस थाऊ. ही मापं चाचांच्या तोंडपाठ, पण गेज धरायचा तो तिनं.

२०२३ च्या रमजानमध्ये तरावीहनंतर रोज तासभर काम चाले. इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं ठरलं त्या रात्री घरातले सगळे परड्यात. स्टार्टर मारला आणि कार्ब्युरेटरमधून असा बार उडाला की शेजारचे लोक बाहेर आले. प्लगच्या वायरी आम्ही १-२-३-४ अशा ओळीनं लावल्या होत्या. या इंजिनाचा क्रम १-३-४-२. चाचांनी क्रम विचारला नव्हता आणि आम्ही सांगितला नव्हता. वायरी बदलल्या. तिसऱ्या खेपेला इंजिन धरलं. चाचांनी डोळे मिटून कान दिला, हातानं खूण केली, कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडं, जरासा तिकडं. आवाज बसला. अम्मी म्हणाल्या, "तुमच्या दादांचा असाच आवाज यायचा फाट्यावरून. भाकरी तव्यावर टाकायची ती वेळ."

आमची चूक

आता चूकही सांगायला हवी. ईदला गाडी हलती दाखवायची, अशी आम्हांला घाई झाली. ब्रेकचं काम अर्धं होतं. या गाडीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक, आणि ऑईलचा एकच मार्ग. कुठंही गळती झाली की चारही ब्रेक एकदम जातात. नव्या गाडीत दोन वेगळे मार्ग असतात, एक गेला तरी दुसरा धरतो. आम्ही नवे लाईनर लावले, पण मागच्या चाकाचा जुना सिलिंडर धुऊन तसाच बसवला आणि हवा नीट काढली नाही. चाचा नमाजला गेले असताना गाडी सुरू करून परड्यात फिरवायला घेतली. परडं मागच्या भिंतीकडं उताराचं आहे. पॅडल दाबलं, ते थेट तळाला गेलं. हँडब्रेक जोडलेलाच नव्हता. भिंतीला धडक बसली, दोन फूट भिंत पडली, एक हेडलाईट गेला. त्या भिंतीजवळ पाच मिनिटांपूर्वी घरातली लहान मुलं खेळत होती.

चाचा परत आले, भिंत पाहिली, पुढं आम्हांला पाहिलं. ओरडले नाहीत. चावी खिशात टाकली आणि महिनाभर दिली नाही. त्या महिन्यात आम्ही नवा मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे नवे सिलिंडर, नवे पाईप बसवले, आणि मगच भिंत बांधली. तेव्हापासून परड्यात एक नियम झाला. गाडी हलवायची तर चाकाला दगड, मुलं घरात आणि चाचांची परवानगी.

कागद

गाडी आज चालते, पण रस्त्यावर जात नाही. कारण कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. आमच्या गाडीची मुदत संपून कित्येक वर्षं झाली. जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली आणि फार मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचं ५,०००, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते.

आमची अडचण अशी की नियम खासगी, बिगर-व्यावसायिक वापराच्या गाड्यांसाठी आहे आणि दादांच्या पुस्तकात गाडी मालवाहू म्हणून लिहिलेली आहे. शिवाय ती अजून दादांच्याच नावावर. नावबदलासाठी सगळ्या वारसांच्या सह्या लागल्या. त्या एका दिवसात मिळाल्या. मिरजेच्या फुफींनी सही करताना एवढंच म्हटलं, "माझा हिस्सा मिळालाय. कुठं करू सही?" ती दोन पाकिटं त्या वेळी आम्ही पोहोचवली नसती, तर हा कागद किती वर्षं अडला असता, कोण जाणे. पुढची प्रक्रिया सुरू आहे.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी

आमच्यासारखी एखादी जुनी जीप, फियाट किंवा जावा कोणाच्या अंगणात उभी असेल, तर चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

आधी कागद शोधा आणि वारस मोजा. त्यानंतरच पान्याला हात लावा. रंग सगळ्यात शेवटी. बरेच जण रंगापासून सुरू करतात आणि पैसे संपल्यावर चकचकीत पण बंद गाडी दारात उभी राहते. क्रम असा ठेवा: ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन, वायरिंग, मग पत्रा आणि रंग.

पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग करू नका. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि तिचा स्फोट होतो. आम्ही टाकी नवी बनवून घेतली. जुन्या ब्रेक लाईनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेनं उडवू नका, तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. आपल्या जिल्ह्यातल्या उसाचंही त्यात असेल! पण जुने रबरी पाईप आणि पंपाचे पडदे त्याला टिकत नाहीत. ते बदलून इथेनॉल चालणारे घाला.

शेवटची गोष्ट पैशाची. तीन वर्षांत आमचे सुमारे सव्वादोन लाख रुपये गेले, मजुरी न धरता. तेवढ्यात चालती जुनी पिकअप मिळाली असती. नफ्यासाठी हे काम करू नका, कर्ज काढून तर नकोच. आम्ही पगारातून उरेल तसं केलं. कधी दोन-दोन महिने काम बंद असे.

शुक्रवारची असर

दर दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते आणि सगळं शहर तिला बघायला लोटतं. गल्लीतल्या मुलांनी विचारलं, "तुमची एफसी कधी येणार चौकात?" आम्ही म्हणालो, कागद झाले की, इन्शाअल्लाह.

तोवर ती परड्यातच आहे. शुक्रवारी असरनंतर चाचा तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. सुरुवातीला आमच्याच घरची पोरं असत, आता गल्लीतली आणखी पाच-सहा येतात. त्यातला एक दहावीनंतर घरीच बसून होता. यंदा त्यानं आयटीआयला फिटरचा अर्ज भरला. चाचांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. परवा ते एका मुलाच्या हातात गेज देऊन व्हॉल्व्हची फट लावायला शिकवत होते. पोरगा म्हणाला, "चाचा, दिसत नाही नीट."

"मलाही नाही दिसत," चाचा म्हणाले. "पाती सरकवताना हाताला काय लागतंय ते सांग. अडते, का घासून जाते?"

"घासून जाते."

"मग बरोबर आहे. पुढचा घे."